नवा इंडी रॉक अल्बम आणि समीक्षकांचे गुण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखाद्या नावाजलेल्या इंडी बँडचा नवा अल्बम आला की त्या आठवड्यात ठरावीक प्रश्नांची रांग लागते. अल्बम कुठला हे बदलतं, प्रश्न तेच राहतात. त्यातले जे पुन्हा पुन्हा आले ते इथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न दहा जणांनी दहा प्रकारे विचारले होते, त्यांचं एकच रूप ठेवलं आहे.

१. इंडी रॉक म्हणजे इंडियन रॉक ना?

नाही. इथे ‘इंडी’ हे ‘इंडिपेंडंट’चं लघुरूप आहे. बड्या रेकॉर्ड कंपन्यांच्या छत्राखाली नसलेल्या, स्वतंत्र लेबलवर (म्हणजे छोट्या रेकॉर्ड कंपनीकडून) निघालेल्या संगीताला हा शब्द लागला. ब्रिटनमध्ये जानेवारी १९८० पासून अशा रेकॉर्ड्सची वेगळी विक्री-यादी निघू लागली. त्या यादीत शिरायला संगीत कसं वाजतं याची अट नव्हती, रेकॉर्ड दुकानापर्यंत कोणाच्या मार्फत पोहोचली एवढंच पाहिलं जायचं. त्यामुळे ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कायली मिनोगसारख्या निखळ पॉप गायिकेची गाणीही इंडी यादीत झळकली.

पुढे शब्द घसरला. ‘एनएमई’ या ब्रिटिश साप्ताहिकाने १९८६ मध्ये ‘सी८६’ नावाची २२ गाण्यांची कॅसेट काढली. खणखणीत गिटार आणि थोडा कच्चा, घरगुती आवाज म्हणजे इंडी, ही समजूत पक्की व्हायला तिचा मोठा हातभार लागला. आज बड्या कंपनीशी करार केलेल्या बँडलाही लोक बिनदिक्कत इंडी म्हणतात. समीक्षकही म्हणतात. मी वाद घालणं सोडून दिलंय.

२. अल्बम आज आला आणि परीक्षणं सकाळीच हजर. यांनी ऐकला कधी?

आधीच. लेबल किंवा बँडचा प्रसिद्धी विभाग काही आठवडे अगोदर समीक्षकांना अल्बम पाठवतो. पूर्वी सीडी यायची, आता बहुधा खासगी लिंक येते. फाइल फुटली तर कोणाकडून फुटली ते कळावं म्हणून तिच्यात अनेकदा छुपी खूण असते. सोबत अट असते : अमुक तारखेआधी काही छापायचं नाही. १० जुलै २०१५ पासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी काढायचं ठरलं, म्हणून परीक्षणांचा पाऊसही गुरुवार-शुक्रवारीच पडतो.

अपवाद आहेत, आणि ते मजेशीर आहेत. रेडिओहेडने ‘इन रेनबोज’ हा अल्बम जेमतेम दहा दिवस आधी जाहीर केला आणि १० ऑक्टोबर २००७ ला थेट स्वतःच्या संकेतस्थळावरून दिला. पैसे किती द्यायचे तेही ऐकणाऱ्यावर सोडलं. समीक्षकांना आगाऊ प्रत नव्हती. तेही सगळ्यांसोबत डाउनलोडच्या पट्टीकडे डोळे लावून बसले. अशा वेळी पहिल्या दिवशी आलेलं परीक्षण हे खरं तर पहिल्या-दुसऱ्या ऐकण्याची टिपणं असतात. ती तशीच वाचावीत.

३. एका अल्बमला ८.३ आणि दुसऱ्याला ८.४. हा एक दशांश कसला?

कसलाच नाही. म्हणजे मोजता येण्यासारखा काही नाही. ०.० ते १०.० ही दशांशातली पट्टी ‘पिचफोर्क’ या अमेरिकी संगीतपत्राची ओळख आहे. मोजून पाहिलं तर त्या पट्टीवर १०१ घरं आहेत, आणि कोणाच्याही कानाला १०१ घरं नसतात. बाकीचे कोणी पाच तारे देतात, कोणी दहापैकी गुण. रॉबर्ट क्रिस्टगाऊ या समीक्षकाने १९६९ पासून शाळेच्या प्रगतिपुस्तकासारख्या ए, बी, सी अशा श्रेणी दिल्या.

दशांशाचा खरा उपयोग भांडायला होतो. ‘चार तारे’ यावर कोणी रात्र जागवत नाही. ‘८.४ का, ८.५ का नाही’ यावर मात्र जागवतात. त्या अर्थाने ती पट्टी फार हुशारीने आखलेली आहे.

४. मेटाक्रिटिकवर ७५ दिसतंय. म्हणजे शंभरातल्या ७५ समीक्षकांना आवडला, बरोबर?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सर्वाधिक चुकणारा समजही हाच. तुम्ही म्हणता तसला टक्का चित्रपटांसाठीच्या ‘रॉटन टोमॅटोज’वर असतो. मेटाक्रिटिक हे बऱ्याच प्रकाशनांच्या परीक्षणांचे गुण एकत्र करणारं संकेतस्थळ. त्याचा आकडा ही सरासरी आहे, तीही भारित. म्हणजे काही प्रकाशनांचं मत जास्त वजनाचं धरलं जातं, आणि कोणाचं वजन किती हे ते सांगत नाहीत. किमान चार परीक्षणं जमल्याशिवाय आकडाच दिसत नाही. ८१ आणि त्यापुढे गेलं की ‘सर्वत्र वाहवा’, ६१ ते ८० म्हणजे ‘एकंदरीत अनुकूल’.

वेगवेगळ्या पट्ट्या शंभरात बसवतानाही गंमत होते. पाचपैकी चार तारे सरळ ८० होतात. पण ‘बी प्लस’ श्रेणीचे ८३ होतात आणि नुसत्या ‘बी’चे ७५. ज्या समीक्षकाने ‘बी’ लिहिताना ‘ठीक, बरा आहे’ एवढंच मनात धरलं असेल, त्याच्या नावावर ७५ गुण चढतात.

आता वजनं बाजूला ठेवून ७५ चे दोन अल्बम समोर ठेवा. पहिल्याला चार परीक्षणं : ७५, ७५, ७५, ७५. दुसऱ्याला १००, १००, ५०, ५०. सरासरी एकच. पहिला कोणालाच खटकलेला नाही आणि कोणाच्या मनातही बसलेला नाही. दुसऱ्यावर कोणीतरी जीव ओवाळून टाकलाय आणि कोणीतरी अर्ध्यात बंद केलाय. मी नेहमी दुसरा आधी ऐकतो. तुम्ही आकड्यावर न थांबता खाली उतरून सुटी परीक्षणं पाहिलीत, तर तुम्हाला कुठला हवा ते दोन मिनिटांत कळेल.

५. बहुतेक अल्बमना सत्तर-ऐंशीच गुण मिळतात. सगळे विकले गेलेत का?

पाकिटं फिरतात असं समजायचं कारण नाही. त्याहून साधी कारणं पुरेशी आहेत. पहिलं म्हणजे निवड. निघणाऱ्या अल्बमच्या मानाने परीक्षणाची जागा अगदीच थोडी, त्यामुळे एखाद्या अनोळखी बँडचा सुमार अल्बम मुळात निवडलाच जात नाही. त्याला झोडपून कोणाचंच भलं होत नसतं. दुसरं, जो समीक्षक मागून घेऊन एखादा अल्बम लिहायला घेतो त्याला त्या प्रकारचं संगीत बहुधा आवडतच असतं. तिसरं, लिहिणारे बरेचदा मानधनावरचे सुटे लेखक असतात. एका कडक परीक्षणापायी आठवडाभर चाहत्यांच्या शिव्या खायला त्या मानधनात परवडत नाही.

शिवाय हा धंदाच आकसलाय. ‘एनएमई’चा छापील साप्ताहिक अंक मार्च २०१८ मध्ये बंद झाला. ‘पिचफोर्क’ जानेवारी २०२४ मध्ये ‘जीक्यू’ या पुरुषांच्या मासिकाच्या छत्राखाली ढकललं गेलं आणि तिथल्या अनेकांची नोकरी गेली. खमकेपणाला मागे संस्था लागते.

६. शून्य गुण खरंच कोणाला मिळालेत का?

मिळालेत. आणि ती परीक्षणं आज वाचली तर बँडपेक्षा समीक्षकांचीच जास्त लाज वाटते. जेट या ऑस्ट्रेलियन बँडच्या ‘शाइन ऑन’ला २००६ मध्ये पिचफोर्कने ०.० दिले. परीक्षणाच्या जागी एक शब्द नव्हता, स्वतःच्याच तोंडात लघवी करणाऱ्या माकडाचा व्हिडिओ होता. दोन वर्षांनी ब्लॅक किड्सच्या पहिल्या पूर्ण अल्बमला ३.३ गुण आणि मजकुराऐवजी दोन पग कुत्र्यांचं चित्र, खाली ‘सॉरी’. याच बँडच्या आधीच्या चार गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डला तिथेच ८.४ देऊन डोक्यावर घेतलं होतं. आधी स्वतः चढवलं, मग स्वतःच आपटलं.

ट्रॅव्हिस मॉरिसन या गायकाची गोष्ट मला जास्त लागते. त्याच्या जुन्या बँडवर पिचफोर्कचं प्रेम होतं. २००४ साली त्याचा एकट्याचा अल्बम आला आणि त्याला ०.० मिळाले. पुढे त्याने सांगितलं की कार्यक्रमांतलं वातावरण जणू एका रात्रीत पालटलं. समोर उभे असलेले लोक आपण इथे असावं की नसावं, याचा अंदाज घेत असल्यासारखे दिसायचे. गाणी आदल्या रात्री होती तीच होती.

लिझ फेर या गायिकेच्या २००३ च्या अल्बमलाही ०.० होते. ते परीक्षण लिहिणाऱ्याने २०१९ मध्ये जाहीर माफी मागितली. पुढचं प्रश्न ९ मध्ये.

७. एका चांगल्या परीक्षणाने बँडचं नशीब उघडतं का?

उघडायचं. आर्केड फायरचा ‘फ्युनरल’ सप्टेंबर २००४ मध्ये मर्ज या छोट्या स्वतंत्र लेबलवर आला, पिचफोर्कने ९.७ दिले आणि मागणीपुढे प्रती पुरेनात. २०११ मध्ये त्याच बँडने त्याच लेबलवरच्या ‘द सबर्ब्स’साठी वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी नेलं. क्लॅप युअर हँड्स से येह या बँडला तर लेबलही नव्हतं. २००५ मध्ये ९.० गुण पडले आणि सीडीची पाकिटं बँडवालेच भरून धाडत होते.

तो काळ सरला. आता परीक्षण वाचायला लागतो त्याहून कमी वेळात गाणं ऐकून होतं, आणि पुढचं गाणं प्लेलिस्ट ठरवते. तरी एक उपयोग शिल्लक आहे : महोत्सवांचे आयोजक, लेबलवाले, दुसऱ्या बँडचे लोक अजून परीक्षणं वाचतात. श्रोत्यांपेक्षा धंद्यातल्या माणसांवर त्यांचा परिणाम जास्त, असं माझं निरीक्षण आहे.

८. दुसरा अल्बम नेहमीच पडतो का?

नेहमी नाही. पण पहिल्या अल्बमची गाणी जमायला बँडला सगळं तरुणपण मिळालेलं असतं, दुसऱ्याला दीड-दोन वर्षं, तीही दौऱ्याच्या व्हॅनमध्ये. समीक्षकाचीही अडचण असते. पहिल्या वेळी पाटी कोरी होती, आता तुलनेला पहिला अल्बमच बसलाय. तसाच काढला तर ‘पुनरावृत्ती’, वेगळा काढला तर ‘वाट चुकले’.

वीझरचा ‘पिंकर्टन’ हा दुसरा अल्बम सप्टेंबर १९९६ चा. पहिला गोड, गुळगुळीत होता. हा खरखरीत, अवघडल्यासारखा, नको तितका उघडा. ‘रोलिंग स्टोन’च्या वाचकांनी त्या वर्षीच्या वाईट अल्बमांत त्याला तिसरा क्रमांक दिला. लक्षात घ्या, वाचकांनी. खापर दर वेळी समीक्षकांवर फोडता येत नाही. २००२ मध्ये त्याच मासिकाच्या वाचकांनी त्याला सर्वकालीन उत्तम अल्बमांत सोळावा नेऊन बसवला, आणि २००४ मध्ये मासिकाने पाच तारे देऊन टाकले.

९. समीक्षक आपलं मत बदलतात का? की जुनं गुपचूप पुसतात?

काही जण उघडपणे बदलतात. पिचफोर्कने २०२१ मध्ये १९ जुन्या अल्बमना नव्याने गुण लावले. लिझ फेर ०.० वरून ६.० वर आली. विल्कोचा ‘स्काय ब्लू स्काय’ ५.२ वरून ८.५ वर. उलटंही झालं : इंटरपोल या बँडचा ‘टर्न ऑन द ब्राइट लाइट्स’ ९.५ वरून ७.० वर उतरला, आणि तो तेव्हा पारायणं करून ऐकलेल्या माझ्यासारख्यांना ते अजून पचलेलं नाही.

स्लोडाइव्ह या बँडची उलथापालथ सर्वांत मोठी. १९९३ मध्ये ब्रिटिश साप्ताहिकांनी त्यांची यथेच्छ टिंगल केली, १९९५ मध्ये लेबलने काढून टाकलं. बावीस वर्षांनी, २०१७ मध्ये, नवा अल्बम आला तेव्हा कौतुकाला शब्द अपुरे पडत होते, आणि २०२३ चा अल्बम ब्रिटनच्या यादीत सहाव्या स्थानावर गेला.

पण यावरून ‘आज शिव्या पडल्या म्हणजे उद्या अभिजात ठरणार’ असा हिशोब करू नका. उलटलेले निकाल तेवढे आपल्या लक्षात राहतात. ज्या शेकडो अल्बमना ५.० मिळाले आणि जे खरोखर ५.० चेच होते, त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही.

१०. एकाच अल्बमला एक जण दहा देतो आणि दुसरा नापास करतो. कोणीतरी खोटं बोलतंय का?

ऑक्टोबर २००० मधला रेडिओहेडचा ‘किड ए’ घ्या. पिचफोर्कने १०.० दिले, ‘मेलडी मेकर’ या ब्रिटिश साप्ताहिकाने पाचपैकी दीड तारा. दोघांपुढे एकच वस्तू होती. १९९७ च्या ‘ओके कॉम्प्युटर’नंतर जग गिटारच्या आणखी एका भव्य अल्बमची वाट पाहत होतं. आलं काय? गिटार मागे सरकलेली, पुढे सिंथेसायझर आणि यंत्राचे ताल, गायकाचा आवाज चिरून, मोडून पुन्हा जोडलेला, विक्रीला सुटं काढलेलं एकही गाणं (सिंगल) नाही. पहिल्याच गाण्यात कळफलकाचे चार-पाच स्वर गोल फिरत राहतात आणि त्यांच्या मागे शब्दांचे तुकडे उलटसुलट तरंगतात. ढोल आता येतील, मग येतील, असं वाटत राहतं. ते येतच नाहीत.

हे न येणं एकाला धाडस वाटलं, दुसऱ्याला मग्रुरी. काय ऐकू येतंय याबद्दल वाद नव्हताच. त्याची किंमत काय करायची यावर होता. अशी दोन टोकाची परीक्षणं हाती लागली तर गुण झाकून वर्णनाची वाक्यं तेवढी वाचा. ‘ढोल येतच नाहीत’ हे वाचून तुमचे कान टवकारले की कपाळाला आठी पडली? अल्बम घ्यायचा की नाही ते तिथेच ठरलं. (श्रोत्यांनी तो अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर नेला, ही गोष्ट वेगळी.)

११. परीक्षणांतल्या शब्दांचा खरा अर्थ काय?

माझा शब्दकोश खासगी आहे, पण उपयोगी पडेल. ‘महत्त्वाकांक्षी’ म्हणजे लांब आहे. ‘परिपक्व’ म्हणजे संथ गाणी वाढलीत. ‘पुन्हा मूळ सुराकडे’ म्हणजे मागचे दोन अल्बम आम्हालाही आवडले नव्हते, तेव्हा बोललो नाही. ‘चाहत्यांना नक्की आवडेल’ यात लिहिणारा स्वतःला चाहता म्हणवत नाही हे दिसतं. ‘मुरत जाणारा’ हा मात्र धोक्याचा शब्द : कधी तो खरा असतो, कधी ‘मला अजून कळलेला नाही’चा सभ्य पर्याय. फरक ओळखायची खूण म्हणजे पुढच्या वाक्यात एखाद्या गाण्यातली नेमकी जागा सांगितली आहे का. सांगितली असेल तर माणसाने खरंच पुन्हा ऐकलंय.

१२. समीक्षकांपेक्षा श्रोत्यांचे गुण जास्त प्रामाणिक नाहीत का?

पहिल्या रात्री नाही. तेव्हा चाहते १० टाकतात, रुसलेले ०, आणि दोघांतल्या बऱ्याच जणांनी अल्बम शेवटपर्यंत ऐकलेला नसतो. दोन-तीन महिन्यांनी तीच सरासरी पाहा, तेव्हा ती बरीच विश्वासाची झालेली असते. सरासरीचे बाकीचे दोष (प्रश्न ४) तिलाही लागू आहेतच.

१३. जुन्या अल्बमला शंभरपैकी शंभर दिसतात. मग तो आला तेव्हा पडला होता असं का म्हणता?

तुम्ही बहुधा पुनर्मुद्रित आवृत्तीचं पान पाहताय. ‘पिंकर्टन’च्या २०१० च्या विशेष आवृत्तीचे मेटाक्रिटिकवर १०० आहेत. मूळ अल्बमचं स्वागत कसं झालं ते प्रश्न ८ मध्ये आलंय. न्यूट्रल मिल्क हॉटेल या बँडच्या १९९८ च्या अल्बमला पिचफोर्कचे आधी ८.७ होते, २००५ च्या पुनर्मुद्रणाला १०.० झाले. जुनी रेकॉर्ड नव्याने काढावीशी वाटली म्हणजे ती आधीच जिंकलेली असते. तिला कमी गुण द्यायला बसतो कोण? त्यामुळे तारीख पाहिल्याशिवाय जुना आकडा कोणाच्या तोंडावर फेकू नका.

१४. बँडची गोष्ट चांगली असली की गुण वाढतात का?

वाढतात, आणि समीक्षक हे सहसा कबूल करत नाहीत. विल्कोचा ‘यँकी हॉटेल फॉक्सट्रॉट’ २००१ मध्ये रिप्रीज या लेबलने नाकारला. बँड रेकॉर्डिंग घेऊन बाहेर पडला, सप्टेंबरमध्ये अल्बम स्वतःच्या संकेतस्थळावर ऐकायला ठेवला, आणि एप्रिल २००२ मध्ये तो नॉनसच या लेबलने काढला. नॉनसच आणि रिप्रीज दोन्ही एकाच कंपनीची. म्हणजे त्या कंपनीने एकाच अल्बमचे दोनदा पैसे मोजले. पिचफोर्कचे १०.०.

अल्बम उत्तम आहे यात मला शंका नाही. पण एवढी रंगलेली गोष्ट समोर असताना नुसत्या कानांनी तो ऐकणं कोणाला जमलं असतं, हेही मला माहीत नाही. परीक्षणाचा पहिला अर्धा भाग बँडच्या भांडणांत, घटस्फोटात किंवा जंगलातल्या झोपडीत गेला असेल, तर उरलेल्या अर्ध्यावरच भरवसा ठेवा.

१५. इतका गाजलेला अल्बम मर्क्युरी पारितोषिकाच्या यादीत नाही. समीक्षकांचा डाव?

१९९२ पासूनच्या या ब्रिटिश-आयरिश पारितोषिकासाठी अल्बम आपोआप विचारात घेतले जात नाहीत, ते दाखल करावे लागतात, आणि दाखल करायला अटी आहेत. माय ब्लडी व्हॅलेंटाइनने २०१३ मध्ये बावीस वर्षांनी अल्बम काढला, तोही स्वतःच्या संकेतस्थळावरून. वितरणाचा रीतसर करार नव्हता म्हणून तो पात्रच ठरला नाही. डाव शोधण्याआधी नियमावली पाहावी.

१६. समीक्षक एक अल्बम किती वेळा ऐकतो?

नियम नाही. मी लिहायच्या आधी पाच वेळा ऐकतो, त्यातलं एक ऐकणं चालताना आणि एक काम करता करता. पूर्वी दोनदा ऐकून लिहायचो. एका अल्बमबद्दल ‘बेसला (खालच्या स्वरांच्या गिटारला) काही कामच नाही’ असं लिहून मोकळा झालो होतो. महिन्याभराने बरे हेडफोन लावले तर गाण्याची मुख्य चाल बेसच वाजवत होता, गिटार नुसती त्याच्या मागे मागे चालली होती. लॅपटॉपच्या स्पीकरमधून ती पट्टी आलीच नव्हती. दुरुस्ती छापली. ती कोणी वाचली असेल असं वाटत नाही.

१७. मला आवडलेल्या बँडच्या नव्या अल्बमचं एकही परीक्षण सापडत नाही. वाईट आहे का?

नाही. बहुतेक अल्बमच्या वाट्याला तेच येतं (प्रश्न ५ मधलं पहिलं कारण). तुम्ही ऐकलाय ना? मग कुठल्या गाण्यात कितव्या मिनिटाला काय होतं ते चार ओळींत लिहून बँडला पाठवा. छोटे बँड अशा पत्रांना स्वतः उत्तर देतात.